खालच्या डब्यातलं कार्ड

मार्लिसनं बाथरूमला निळा रंग द्यायची गोष्ट काढली, तेव्हा ऑरिननं मान वर न करता एवढंच विचारलं, "वार कोणता?"

वार तिला सांगता येईना. मग नियमाप्रमाणे निळा रंग खालच्या डब्यात.

चर्चहून आल्यावर दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवराबायकोचा हा न्यायनिवाडा चाले. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, एकावर एक. ज्या कामाचा वार ठरला त्याचं कार्ड वरच्यात. ते होणार म्हणजे होणार. ज्याचा ठरला नाही ते खालच्यात. तिथं काही मरत नाही, असं ऑरिन म्हणे. जन्मतही नाही, असं मार्लिस म्हणे. बाकी माणूस चोख. वरच्या डब्यातलं एक कार्ड एकेचाळीस वर्षांत शिळं झालं नव्हतं. बायकोच्या सूचना तेवढ्या खाली का साठतात, याचा खुलासा मात्र त्यानं कधी केला नाही.

आज निळ्या रंगाचं कार्ड तिनं स्वतःच खालच्या डब्यात सरकवलं, आणि आतली जुनी कार्डं वाचली. हार्मोनिका शिकणे. अलास्का बघणे. आणि या दोघांच्या मधे, ऑरिनच्याच टापटीप अक्षरात: छातीच्या फोटोबद्दल दवाखान्यात फोन करणे.

"हे कधीचं?"

ऑरिननं बिनसाखरेची कॉफी ढवळली. खोकला जाईना म्हणून फोटो काढला होता ना, त्याच आठवड्यातलं, असं तो म्हणाला. म्हणजे पाच आठवडे झाले. नर्सबाईंचा फोन आला होता. बाई फार चांगल्या. आधी बर्फ किती पडला ते विचारलं, नातवंडांची चौकशी केली. मग म्हणाल्या, फोटोत जरासं काहीतरी दिसतंय, काळजीचं असेलच असं नाही, पण तुम्हाला जमेल तेव्हा एकदा फोन केलात तर बरं होईल. वार त्यांनी दिला नाही. वार नाही म्हणजे खालचा डबा. यात त्याचं काय चुकलं?

मार्लिस खुर्चीत बसली. तिचा सगळा जन्म मिनेसोटात गेला होता. इथं घराला आग लागली तरी शेजारी दारावर हलकेच टकटक करून विचारतो, फार कामात नसलात तर जरा बाहेर येता का?

"ऑरिन, तू काही तोंडावर बोलणाऱ्या टेक्सासहून आलेला नाहीस," ती म्हणाली. "नर्स 'जमेल तेव्हा' म्हणते त्याचा अर्थ तुला कळला नाही?"

तो बराच वेळ कार्डांच्या कडा जुळवत राहिला.

"कळला की," तो म्हणाला. "म्हणून तर खाली टाकलं."

तिनं फोन उचलला. दवाखान्याचा नंबर लावला. रविवारीही तिथं एक नर्स फोनवर असते. पेशंटशीच बोलायला हवं, असं तिकडून सांगितल्यावर तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. ऑरिननं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. यंदा तलावावरचा बर्फ लवकर फुटतोय, असं सवयीनं म्हणायला लागला आणि मधेच थांबला. मग नुसता ऐकत राहिला. हो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा हो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं दोन्ही तळहात टेबलावर पसरले.

"उद्या सकाळी सात," तो म्हणाला. "मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही. बरोबर कुणीतरी हवं."

मार्लिसनं विचारलं, "'जमलं तर' म्हणाल्या का?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "तेवढं काही म्हणाल्या नाहीत."