नेमक्या जागी आवंढा

उद्याच्या मुलाखतीची तालीम थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात चालली होती. बालसंरक्षणाच्या कामात दारोदार फिरणाऱ्या मेरिलला पर्यवेक्षक व्हायचं होतं. “एखादा कठीण प्रसंग सांगा,” बहीण साहेबी आवाजात म्हणाली. मेरिलने टाउन्सव्हिल शहरातल्या एका घरातलं सांगितलं: दारू प्यायलेली आई, एकाच पायात गमबूट असताना मेरिलने तिच्यापासून काढून सरकारी गाडीत बसवलेलं तिचं पोर. मग तिने आवंढा गिळला. “वा गं! या खेपेला अगदी नेमक्या जागी गिळलास. फक्त सांगताना त्या आईला आणखी थोडी पाज.” मेरिलला स्वतःच्याच तोंडाची किळस आली. पहिल्यांदा सांगताना ती खरंच रडली होती. “पुढचा प्रश्न. हे पद का हवंय?” “पुढचं पोर उचलायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवता येईल म्हणून,” ती फटकन बोलून गेली. “‘पाठवता येईल’ नको, ‘सहकाऱ्यांना घडवता येईल’ म्हण.” मेरिलने तसं म्हणून पाहिलं. जमलं.