एका वेळी दोघंच

खोलीत चौथं माणूस शिरलं आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला.

दलाल आधीच खिडकीशी जाऊन उभा होता. त्याच्यामागे तिचा नवरा, मग घर बघायला आलेली बाई, आणि आता त्या बाईची तीन वर्षांची कुरळ्या केसांची लेक.

"ही मुलांची खोली," दलाल म्हणाला. "नकाशात नुसती गॅलरी आहे. यांनी चार फूट पुढे काढून आत घेतलीय. सगळेच घेतात हो, कोण बघायला येतंय? उजेड बघा ना ताई, नुसता सांडतोय."

मुलांची म्हणून कालच इथे छोटा पलंग आणून ठेवला होता. बाहेरच्या भिंतीला ढगांचा कागद चिकटवला होता. परवापर्यंत जिच्यात तिचं बोट मावायचं, ती भेग त्या ढगांखाली होती. भेगेच्या टोकाशी ती दर महिन्याला पेन्सिलने तारीख लिहायची. त्या सात तारखाही आता ढगांखालीच. बुजवून झाल्यावर प्लास्टरवाला हात पुसत म्हणाला होता, "ताई, मी हिचं तोंड बंद केलंय. पोटातलं मला माहीत नाही."

ती उंबरठ्याच्या अलीकडेच थांबली होती. शेजारी तिची पाच वर्षांची चिमी, पायाची बोटं फरशीच्या रेघेला बरोब्बर लावून. या खोलीत एका वेळी दोघंच, हा नियम तिनेच चिमीला खेळ म्हणून शिकवला होता. एक बाहेर आलं की एक आत. खेळ म्हणून शिकवलेलं पोरं विसरत नाहीत.

"आधीची दोन गिऱ्हाइकं घराची कागदपत्रं बघून पळाली," नवऱ्याने सकाळी बजावलं होतं. "हीसुद्धा गेली तर बसू आपण इथेच, भेगेकडे बघत. तुझं ते धास्तावलेलं तोंड आजच्या दिवस कपाटात ठेव."

"तुमची मुलगी इथेच झोपते?" त्या बाईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," नवरा म्हणाला.

चिमीने मान वर करून आईकडे बघितलं. आई पंख्याकडे बघत होती.

"नशीबवान आहात. आमचं हे रत्न एकटं झोपतच नाही. रात्रभर माझ्या बरगड्या मोजत असतं."

"अशी खोली मिळाली तर मीपण एकटा झोपेन," दलाल म्हणाला. "बायकोची परवानगी काढून."

सगळे हसले. कुरळी तेवढ्यात पलंगावर चढली आणि तिने खाली उडी मारली. धप्प. कागदाचा खालचा कोपरा किंचित फुगला. की चिमीच्या आईला तसं वाटलं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता. त्याचं बोट हलत नव्हतं.

"एक फोटो काढू, घरी दाखवायला," दलालाने फोन बाहेर काढला. "दोन्ही पोरींना खिडकीशी उभं करा. ये गं बाळ, तूपण ये."

चिमी जागची हलली नाही. "आत चार जण आहेत," ती म्हणाली.

"अगं बाई, केवढी ही शिस्त," ती बाई कौतुकाने म्हणाली.

"ये चिमे," नवरा म्हणाला. "आज चालतं."

"आज का चालतं?"

चिमीने उत्तराची क्षणभर वाट पाहिली. मग बाबा म्हणतोय तर चालत असेल, असं धरून तिने एक पाय उचलला.

तिचं मनगट आईच्या मुठीत होतं. आपला हात कधी पुढे गेला ते आईलाही कळलं नाही.

"राहू दे," ती हसत म्हणाली. "केस विंचरलेले नाहीत तिचे."

चिमीच्या दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या होत्या. रिबिनी कडक इस्त्रीच्या होत्या.

त्या बाईने वेण्यांकडे पाहिलं. मग त्या मुठीकडे. मग उंबरठ्याकडे आणि त्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या दोघींकडे. ओठांवरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग विझलं. ती सावकाश मागे वळली.

कुरळी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती, डोक्यावर सगळे ढग घेऊन.

"आई, बघ हं," ती म्हणाली आणि धावत यायला गुडघ्यांत वाकली.

"पळू नकोस," दोघी आया एकदमच म्हणाल्या. "हळू ये."