पांढरे धागे

भावाचा फोन आला तेव्हा ती काचेच्या नळीतलं द्रावण खालच्या चंबूत थेंब थेंब सोडत होती. वडील गेले, असं त्याने सांगितलं. चहा घेऊन खुर्चीत टेकले, ते टेकलेच. "ताई, लगेच ये," तो म्हणाला. ती हो म्हणाली, फोन ठेवला आणि पुन्हा तोटीवर बोटं टेकवली.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने काय झालं म्हणून विचारलं. दुकान आज बंद आहे असं सांगावं, तशा आवाजात तिने सांगितलं. मैत्रीण धावत आली; पुढचं मी बघते, तू नीघ, म्हणाली.

"हे अर्ध्यावर सोडता येत नाही."

ते खरंच होतं. फॉस्फरस-नायट्रोजनच्या अणूंची ती लांब साखळी, तिच्यावर क्लोरीन असेपर्यंत, हवेतल्या ओलाव्यानेही रुसायची. रुसली की असा गोळा व्हायचा की तो कशातच विरघळायचा नाही. प्रयोगशाळेत सगळे तिला 'जावई' म्हणत. क्लोरीन काढून त्या जागी सिलिकॉनचे गट बसले, की मग धास्ती नाही. आधीच्या सगळ्या खेपांचे गोळेच झाले होते. मैत्रिणीचा हात तिच्याइतकाच सराईत होता, हेही खरंच होतं.

मैत्रिणीने जास्त ताणलं नाही. ती नुसती जवळ उभी राहिली.

दुपार कलल्यावर तिने चंबूतलं सगळं हळूहळू पाण्यात ओतलं. गोळा झाला नाही. पांढरेशुभ्र धागे वर आले, काचेच्या कांडीला गुंडाळू लागले. एक धागा सुकवून मैत्रिणीने चिमट्यात धरला आणि ज्योत लावली. तो काळवंडला, पण पेटला नाही. ओढला तर रबरासारखा लांबला. मैत्रिणीचेच डोळे भरून आले. हिने मात्र भांडी विसळली, बटणं बंद केली आणि बस पकडली.

घरात सगळे तिच्यासाठीच खोळंबले होते. वडिलांच्या सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण कुणीतरी लावलं होतं. वडील ते कधी लावत नसत. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, रड बाई, मोकळी हो. तिने रडायचा प्रयत्न करून पाहिला. काही आलं नाही.

भाऊ समोर येऊन उभा राहिला.

"सकाळी फोन केला होता मी. इतका वेळ काय करत होतीस?"

ती सांगू लागली. साखळीत फॉस्फरस कसा असतो, क्लोरीन एकेक करून कसा काढायचा, घाई केली तर काय बिघडतं, सिलिकॉनमुळे ती थंडीतही मऊ कशी राहते. आवाजात चढ नाही, उतार नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. आत्याने तिचा दंड धरला, तरी ती थांबली नाही. पाण्यात ओतलं, म्हणाली, आणि तिथे तिचे शब्द संपले.

भाऊ तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"मग? जमलं का?"

"जमलं," ती म्हणाली, आणि वडिलांचं ते बटण काढायला वाकली.