उपरण्याखालचा भाव

उपरण्याखाली सिद्रामप्पांनी चार बोटं दाबली आणि गुरुलिंगअप्पांचा उजवा खांदा खाली आला. सतरंजीच्या कडेला बसलेल्या उमादेवीला तेवढ्यावरनं कळलं. चार लाख. आत्ता घटकाभरापूर्वी तीन होते.

दोघंही बैलांचे व्यापारी. तिचे अप्पा गुरुलिंगअप्पा अणदूरचे, सिद्रामप्पा तामलवाडीचे. बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून उपरण्याखाली बोटं दाबून सौदे करण्यात दोघांची हयात गेलेली. आज सिद्रामप्पांच्या विरेशसाठी उमादेवीच्या लग्नाची बैठक होती. चार माणसांत हुंड्याचा आकडा बोलायची लाज वाटली, तसे हात आपोआप उपरण्याखाली गेले. मागायची लाज न्हाय, बोलायची तेवढी लाज!

"पोरगी चांगली हाय," सिद्रामप्पा म्हणाले. "पर डिग्री कशाची म्हणालात?"

"एम.ए. ग्लोबल स्टडीज," अप्पा पुटपुटले. "म्हंजी जगाचा अभ्यास."

"मंग एवढ्या जगात तिला एक नोकरी न्हाय व्हय? बी.एड. असती तर एक बोट सोडलं असतं. हिनं नुसतं वय वाढवून घेतलं."

बैठक हसली. मोबाइलात तोंड घालून बसलेला विरेशही हसला. उमादेवीच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

नोकरी आलेली होती. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांचे करार तपासून देणारी पुण्याची संस्था, बावीस हजार पगार, एक तारखेला हजर व्हायचं. चार दिवस राहिले होते. पण अप्पांनी हिशेब घातला होता. पुण्यातल्या एम.ए.च्या दोन वर्षांना साडेसहा लाख गेले, म्हणजे पाच खिल्लार बैलजोड्या. खोलीभाडं आणि डबा जाऊन पगारातले सात हजार उरणार. "एवढ्यात एका जोडीची पेंड भागत न्हाय," अप्पा म्हणाले होते, आणि आठवड्यात हे स्थळ दारात उभं केलं होतं. तिनं रडून बघितलं, उपाशी राहून बघितलं. अप्पा तिच्याकडं न बघता हात धुवायला उठून जायचे.

आता अप्पांचा खांदा ढिला पडत चालला होता. लहानपणी बाजारात त्यांच्या मांडीवर बसून ती हे सगळं शिकली होती. खांदा ढिला पडला की माणूस कबूल व्हायला आला. तळहाताला तळहात भिडला की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी तो मोडत नाही, आणि मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही. दोन-चार श्वासांत आपण तामलवाडीच्या होणार, हे तिला लख्ख कळलं.

ती उठली, दोघांच्या मधे जाऊन बसली आणि अप्पांचा हात बाजूला सारून तिनं आपला हात उपरण्याखाली घातला.

"उमे!" आतून अव्वा, तिची आई, ओरडली.

"सौद्यातला माल म्या हाय," उमादेवी म्हणाली, "मंग बोटं बी माझीच."

सिद्रामप्पा चमकले, पण हात त्यांनी काढला नाही. चालू सौद्यात आधी हात काढील तो हरला, हे रक्तातच भिनलेलं. उमादेवीनं आधी त्यांची पाचही बोटं मुठीत धरली. मग सोडून दोन धरली.

"सात?" त्यांच्या तोंडून निघालंच. "आमी चार मागायलोय अन् पोरगी सात देती की!"

"देत न्हाय काका, मागायलेय. साडेसहा शिक्षणाला गेले, अर्धा नफा. तुमी कधी घेतल्या भावात बैल इकता का?"

सिद्रामप्पांची चाळीस वर्षं बाजारात गेली होती. समोरच्यानं भाव सांगितला की त्यांची बोटं डोक्याला विचारायला थांबत नसत. आताही थांबली नाहीत. त्यांनी उमादेवीच्या हातावर तीन बोटं दाबली.

"तीन लाख देतो म्हणायलेत," उमादेवीनं सगळ्यांना सांगितलं.

तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. इंगळी डसावी तसा त्यांनी हात बाहेर ओढला. घ्यायला आलेला माणूस भरल्या बैठकीत द्यायला निघाला होता. "चला रे!" म्हणत ते उठले, आणि चहा तसाच टाकून पाव्हणे गाडीत जाऊन बसले.

उमादेवी मान खाली घालून थोबाडीत बसायची वाट बघत राहिली. बसली नाही. वर बघितलं तर अप्पा हसत होते. खो खो हसत होते आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"चार मागणाऱ्याकडनं तीन काढलेस! अगं, सिद्रामप्पा हाय तो! मला उभ्या जन्मात जमलं न्हाय."

डिग्री हातात आली त्या दिवशीही अप्पांनी तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. तिला लई बरं वाटलं. त्याच भरात ती म्हणाली, "अप्पा, मंग एक तारखेला म्या पुण्याला..."

"कसलं पुणं?" अप्पांनी उपरणं उचललं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. "साडेसहा लाख पाण्यात गेले म्हणून झुरत होतो म्या. आज वसूल झाले. येत्या बाजारापास्नं माझ्या जागंवर तू बसायचं. बावीस हजार तर तू दोन जोड्यांत काढशील."

"अप्पा, पर मला..."

अप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"भिऊ नको पोरी. आता तुला कुणालाच देत न्हाय म्या."