धुऱ्यावरची बंडी

कापूस वेचणाऱ्या बायांची म्होरकी केशरबाई खुशालरावांना म्हणाली, "मालक, बैलबंडी विहिरीपल्याड नका उभी करू. उगवतीच्या धुऱ्यावर आना. वेचनी लवकर उरकते."

खुशालरावांच्या मनात पाल चुकचुकली. मालकाच्या फायद्याची हिला काहून एवढी पडली? त्या धुऱ्याला, वावराच्या त्या बांधाला, लागूनच गाडरस्ता. कापसाची गाठोडी परस्पर लंपास व्हायला कितीसा वेळ! तरी त्यांनी बंडी हलवली आणि बाभळीखाली ठाण मांडून एकेका गाठोड्यावर डोळा ठेवला. बोंडभर कापूस इकडचा तिकडे झाला नाही. उलट, दोन दिवसांचं वावर सूर्य मावळायच्या आत वेचून झालं.

आता तर त्यांचा संशय अधिकच बळावला.

"केशर, खरं सांग. विहिरीपल्याडची जागा काय अन् हा धुरा काय, अंतर सारखंच. मंग अख्खा दिवस वाचला कसा?"

केशरबाईनं पदरानं मानेवरचा घाम पुसला.

"तुमाले सारखं, मालक. तुमी विहिरीच्या काठानं सरळ जाता. आमच्यानं विहीर बाटते म्हनून आमाले गाठोडं डोक्यावर घिऊन साऱ्या वावराले येढा घालून बंडीपाशी जा लागे."