डावीकडचा उस्ताद

जन्मभर पाइपांना वेल्डिंग करून बापाची नजर अधू झाली होती, पण कान अजून तिखट होते. लेकीलाही त्यानेच शिकवलं होतं. मात्र पाइपाच्या खालच्या बाजूला आलं की तिचा हात अवघडायचा, रॉड पाइपापासून लांब जायचा आणि ठिणगीचा आर्क तुटायचा. त्यापायी सर्टिफिकेटची परीक्षा तिने दोनदा गमावली होती. आज शेवटची संधी होती, आणि तो शेडबाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसला होता.

आत शेजारशेजारच्या दोन खोल्यांत तिची आणि आणखी एका उमेदवाराची परीक्षा एकदमच सुरू झाली. डावीकडून एकसारखा, दमदार चरचराट येत राहिला. उजवीकडचा आवाज मात्र खालच्या बाजूला पोचायची वेळ झाली तसा फडफडला, तुटला, पुन्हा लागला, पुन्हा तुटला. बापाने मान खाली घातली. ते तुटणं त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं.

बऱ्याच वेळाने लेक बाहेर आली. तिला तोंड उघडू न देताच तो म्हणाला, "जाऊ दे बाळा, मनाला लावून घेऊ नकोस. आधी त्या डावीकडच्या उस्तादांना गाठ आणि त्यांच्या हाताखाली शीक. माझ्या उमेदीच्या काळातही माझा हात असा चालत नव्हता."

लेक त्याच्याजवळ बाकावर टेकली आणि हातमोजे काढत हळूच म्हणाली,

 

"बाबा, डावीकडे मीच होते."