मधली खुर्ची

माझी खुर्ची घरात कुठेही ठेवली तरी ती कुणाच्या ना कुणाच्या वाटेत येते. केर काढताना सून म्हणते, "आई, जरा बाजूला व्हा." टीव्हीसमोर नातू म्हणतो, "आजी, बाजूला हो ना." शेवटी मीच ती उचलून मागच्या अंगणात नेली.

नेमकी तिथेच मुलाने विटांची गोल फरसबंदी करायला काढली. भुसभुशीत मातीत गोल आखायची गवंड्याची खुंटी ठरेना. दोरी ताणली की उपटून हातात यायची. मी खुर्ची घेऊन निघाले, तर गवंडी म्हणाला, "थांबा मावशी. खुर्ची इथे मधोमध ठेवा आणि बसा. दोरी पायाला बांधतो. तुमच्या नव्हे हो, खुर्चीच्या! पण हलायचं नाही. तुम्ही हललात की माझा गोल बिघडला."

हलू नका, असं मला कित्येक वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी चहासुद्धा जागेवर मागवला, आणि सुनेने तो निमूट आणून दिला. गवंडी दोरी ताणून माझ्याभोवती फिरत राहिला. विटांची एकेक ओळ मला वळसा घालून पुरी होत गेली. संध्याकाळी कडेची शेवटची वीट बसली, तेव्हा कंबर धरली होती, तरी मला उठावंसं वाटेना.

मुलगा बाहेर आला. गोलाभोवती एक फेरी मारून त्याने सगळं पाहिलं आणि तो खूश झाला.

 

"झकास झालंय! आई, आता जरा बाजूला हो, मध्ये कारंजं बसवायचंय."